इंजिन गार चालतंय? मग गाडीही गारच आणा

टेंपरेचरचा काटा वर चढत नाही, हीटर कोमट हवा फेकतो, ॲव्हरेज पडलंय. या तक्रारी घेऊन येणारे बहुतेक ग्राहक गाडी चांगली तापवून आणतात आणि उभ्या उभ्या निदान मागतात. वेळ जातो तो इथेच. या दुखण्याच्या दोन मुख्य तपासण्या पूर्ण गार इंजिनावरच होतात. गरम गाडी आली की ती निवेपर्यंत आम्ही थांबतो आणि तुम्हीही.

पहिली तपासणी सेन्सरची. रात्रभर उभ्या असलेल्या गाडीत कूलंटचं (इंजिन थंड ठेवणाऱ्या द्रवाचं) तापमान आणि इंजिनात जाणाऱ्या हवेचं तापमान जवळपास सारखं असतं. इंजिन सुरू न करता नुसती चावी फिरवून आम्ही गाडीच्या कॉम्प्युटरला जोडलेल्या स्कॅनरवर दोन्ही आकडे पाहतो. हवा २५ अंश आणि कूलंट ८ दिसला, तर इंजिनाचा काही दोष नाही; सेन्सर, त्याची वायर नाहीतर कनेक्टर बिघडलाय. दोन मिनिटांचं काम, पण इंजिन एकदा तापलं की ही तुलना करता येत नाही.

दुसरी थर्मोस्टॅटची, म्हणजे कूलंटला रेडिएटरकडे सोडणाऱ्या व्हॉल्वची, आणि खरा गुन्हेगार बहुतेक वेळा हाच. त्यातलं मेण साधारण ८० ते ९० अंशांदरम्यान वितळून फुगतं, तेव्हा व्हॉल्व उघडतो आणि कूलंट रेडिएटरकडे जातं. तोवर रेडिएटरचा वरचा पाइप हाताला गारच लागायला हवा. व्हॉल्व उघडला की तो बघता बघता गरम होतो. पण गाडी सुरू केल्यापासूनच पाइप हळूहळू कोमट होत गेला, तर व्हॉल्व उघडाच अडकलाय. (काही गाड्यांत थर्मोस्टॅट खालच्या पाइपाकडे असतो, तिथे हात खाली लावायचा.) घरी करून बघणार असाल तर बाही आणि ओढणी फॅन-बेल्टपासून लांब ठेवा. कूलंटची पातळीही गार गाडीतच बघा, गरम रेडिएटरचं झाकण उघडू नका.

"थर्मोस्टॅट काढूनच टाका, कटकट नको," असं सांगणारे पुष्कळ भेटतात. आम्ही तसं करून देत नाही. इंजिन तापलंच नाही तर कॉम्प्युटर जादा पेट्रोल सोडत राहतो. त्यातलं थोडं ऑइलमध्ये उतरतं, ओलावा उडून जात नाही आणि ऑइलच्या झाकणाखाली पांढरट साय धरते. ती पाहून हेड गॅस्केट (इंजिनाच्या डोक्याखालचं सील) गेलं म्हणून घाबरलेलेही येतात. डिझेल गाडीत धुराच्या फिल्टरमधली काजळी नीट जळून साफ होत नाही. शिवाय काही इंजिनांत थर्मोस्टॅट उघडताना बायपासचा, म्हणजे रेडिएटर टाळून जाणारा, रस्ताही बंद करतो. तो काढला की कूलंट रेडिएटर टाळून फिरतं आणि ट्रॅफिकमध्ये गाडी उलट गरम होते.

काटा मध्यावर दिसतो म्हणून निश्चिंतही राहू नका. बऱ्याच नव्या गाड्यांत तापमान थोडंफार वर-खाली झालं तरी काटा मुद्दाम जागचा हलू देत नाहीत. म्हणून आम्ही मीटरवर विसंबत नाही, स्कॅनर लावून गाडी रस्त्यावर फिरवतो. सिग्नलला तापमान चढलं आणि मोकळ्या रस्त्यावर वेगात उतरलं, तर संशय थर्मोस्टॅटवरच.

तेव्हा गाडी आदल्या संध्याकाळी ठेवून जा, सकाळी पहिलं काम तुमचं. नवा थर्मोस्टॅट बसवण्याआधी आम्ही गरम पाण्यात थर्मामीटर लावून तो उघडतो का ते बघतो. थर्मोस्टॅटचं गॅस्केट नवं घालतो आणि कूलंट भरल्यावर आतली हवा पूर्ण काढतो, कारण हवा अडकली की हीटर पुन्हा गारच राहतो. याला थोडा वेळ लागतो, तेवढा द्या.

आणि चेक इंजिनचा दिवा लागला असेल तर येण्याआधी कोणाकडून कोड पुसून घेऊ नका. पी०१२८ (इंजिन ठरलेल्या तापमानाला पोचत नाही, असं सांगणारा) कोडसोबत त्या क्षणीचं तापमान आणि वेग नोंदलेला असतो, तो आम्हाला पाहायचा असतो.