पुनरुज्जीवनवादी चित्रकला आणि अजिंठा

वंगभंगानंतरच्या स्वदेशी चळवळीच्या काळात पाश्चात्त्य वास्तवदर्शी चित्रणाला पर्याय म्हणून भारतीय परंपरेच्या आधारे बंगालमध्ये घडलेली चित्रशैली. ‘बंगाल शैली’ या नावानेही ती ओळखली जाते. कलकत्त्याच्या शासकीय कलाशाळेचे प्राचार्य ई. बी. हॅवेल आणि अवनींद्रनाथ टागोर हे तिचे प्रवर्तक होत. अवनींद्रनाथांची १९०५ मधील चतुर्भुज ‘भारतमाता’ भगव्या वस्त्रातील असून तिच्या हातांत पोथी, भाताच्या लोंब्या, शुभ्र वस्त्र आणि जपमाळ आहे. शस्त्र एकही नाही. मोगल लघुचित्रे आणि जपानी जलरंगतंत्र यांच्या जोडीला या शैलीने मोठा आधार मानला तो मराठवाड्यातील अजिंठ्याचा.

अजिंठा तेव्हा निजामाच्या हैदराबाद संस्थानात होते. १९०९ ते १९११ या काळातील हिवाळ्यांत ब्रिटिश चित्रकर्त्री लेडी हेरिंगहॅम यांनी येथील भित्तिचित्रांच्या प्रतिकृती करवून घेतल्या. त्या कामात कलकत्त्याहून आलेले नंदलाल बोस, असितकुमार हलदर, समरेंद्रनाथ गुप्त व के. वेंकटप्पा होते, हैदराबादचे सय्यद अहमद आणि मुहम्मद फजलुद्दीनही होते, मात्र या दोघांचा उल्लेख क्वचितच होतो. याच भिंतींवरून मुंबईच्या जे. जे. कलाशाळेच्या विद्यार्थ्यांनी जॉन ग्रिफिथ्स यांच्या देखरेखीखाली १८७२ पासून सुमारे तेरा वर्षे प्रतिकृती केल्या होत्या; तरी त्यातून अशी चळवळ उभी राहिली नाही, कारण ते काम मुख्यतः नोंदणीचे होते आणि राष्ट्रीय अस्मितेचा प्रश्न चित्रकलेत अजून शिरला नव्हता.

अजिंठ्याकडून बंगालच्या चित्रकारांनी रेषा घेतली, तंत्र नव्हे. लेण्यांत खडकावर माती, भाताचे तूस व वनस्पतींचे तंतू यांचा गिलावा, त्यावर चुन्याचा पातळ थर आणि कोरड्या पृष्ठावर अपारदर्शक रंग अशी रीत आहे. बंगालमध्ये कागदावरचे रंग पाण्याने पुनःपुन्हा धुऊन धूसर केले जात. त्यामुळे पहिल्या लेण्यातील पद्मपाणी या बोधिसत्त्वाचे अर्धोन्मीलित नेत्र आणि बोटांची लय कागदावर उतरली, पण आकृतींचा भरीवपणा बव्हंशी हरवला. पुढे याच उणिवेवर टीका झाली, आणि ती रास्त होती.

१९१४ मध्ये हैदराबाद संस्थानाने पुरातत्त्व खाते स्थापून गुलाम याजदानी यांची नेमणूक केली. १९२० नंतर इटालियन तज्ज्ञांकडून अजिंठ्याच्या चित्रांचे संधारणही (जतनही) करवून घेतले. बंगाल शैलीतील नंदलाल बोस मात्र तिच्या धूसर रंगांत अडकले नाहीत. १९३८ च्या काँग्रेसच्या हरिपुरा अधिवेशनासाठी त्यांनी रंगविलेल्या फलकांत ठसठशीत रेषा, सपाट रंग आणि गावातील कामकरी माणसे दिसतात.