पोलॅरिस म्युझिक प्राइझ

पोलॅरिस म्युझिक प्राइझ म्हणजे कॅनडात दरवर्षी त्या वर्षातल्या सगळ्यात भारी अल्बमला मिळणारं बक्षीस. स्टीव्ह जॉर्डन यांनी ब्रिटनमध्ये वर्षातल्या उत्तम अल्बमला मिळणाऱ्या मर्क्युरी प्राइझच्या धर्तीवर 2006 ला सुरू केलं, तेव्हा रक्कम 20 हजार डॉलर होती, 2015 ला 50 हजार झाली. कॅनडाचे मोठे संगीत पुरस्कार, जुनो अवॉर्ड्स, त्याच्या कितीतरी आधीपासूनचे, पण तिथे कॅटेगरीज ढीगभर, आणि अल्बम ऑफ द इयरच्या नॉमिनेशनला विक्रीचे आकडेही धरतात. पोलॅरिसमध्ये किती खपला, कुठल्या कंपनीने काढला, रॉक आहे की रॅप, काही बघायचं नाही, फक्त अख्खा अल्बम ऐकायचा. मला तरी हेच पटतं.

साधारण 200 पत्रकार, रेडिओवाले, ब्लॉगर आपापले पाच आवडते अल्बम कळवतात, त्यातून 40 ची लाँग लिस्ट, मग 10 ची शॉर्ट लिस्ट, आणि शेवटी 11 जणांची ग्रँड ज्युरी. बाहेर टोरंटोत कार्यक्रम रंगात आलेला असतो आणि ही मंडळी आत बसून वाद घालत असतात, त्याच रात्री निकाल.

म्हणूनच जिंकणाऱ्यांची यादी इतकी वेगळी दिसते. 2010 ला कार्क्वा हा बँड, जिंकणारा पहिलाच फ्रेंच भाषेतला अल्बम. 2011 ला आर्केड फायर हा रॉक बँड. 2014 ला इनुइट, म्हणजे उत्तर ध्रुवाजवळच्या आदिवासींचं, घशातून आवाज काढत केलेलं कंठगायन करणारी तान्या तगाक, तिने स्टेजवर गाताना मागच्या पडद्यावर बेपत्ता झालेल्या आणि खून झालेल्या आदिवासी बायकांची नावं सरकत होती.

पण 2018 चा जेरेमी डचरचा अल्बम ऐकाच. हा कॅनडाच्या न्यू ब्रन्सविक प्रांतातला, वोलास्तोकेय या आदिवासी समाजातला, शास्त्रीय पाश्चात्त्य गायन शिकलेला. त्यांची भाषा नीट बोलणारे जेमतेम शंभरच्या आसपास उरलेत. शंभरेक वर्षांपूर्वी मेणाच्या सिलिंडरवर रेकॉर्ड केलेली पूर्वजांची गाणी म्युझियममध्ये पडून होती, समाजातल्या एका आजींनी सांगितलं म्हणून हा तिथे गेला, तासन्‌तास ऐकून एकेक सूर लिहून काढला. अल्बममध्ये आधी त्या जुन्या रेकॉर्डिंगची खरखर येते, त्यातून एक जुना आवाज, मग हळूच पियानो, आणि मग जेरेमी त्याच आवाजाच्या सुरात सूर मिसळतो, अंगावर काटाच येतो. 2024 ला तो परत जिंकला, दोनदा जिंकणारा पहिलाच, आणि त्या अल्बममध्ये आपल्या भाषेच्या जोडीला इंग्लिशमध्येही गायलाय.