पिवळं बायप्लेन म्हणजे स्टीअरमनच असं नाही, एन३एन पण असू शकतं

अमेरिकन नेव्हीच्या जुन्या ट्रेनिंग विमानांचे फोटो बघताना ही गडबड हमखास होते. पिवळंधम्मक बायप्लेन (म्हणजे वरखाली दोन पंखांचं विमान), पुढेमागे दोन उघड्या सीट, नाकावर गोल इंजिन, एवढं दिसलं की लोक "स्टीअरमन" म्हणून मोकळे होतात आणि बिचारं एन३एन मागे राहतं. त्यात दोघांचं टोपणनावही एकच, यलो पेरिल.

स्टीअरमन खासगी कंपनीचं, कॅन्ससमधल्या विचिटाचं, आणि ती कंपनी तेव्हा बोइंगच्या ताब्यात होती. एन३एन मात्र नेव्हीने स्वतःच डिझाइन केलं आणि फिलाडेल्फियाच्या आपल्याच नेव्हल एअरक्राफ्ट फॅक्टरीत बनवलं. यामागे १९३४ चा विन्सन-ट्रॅमल कायदा आहे, नेव्हीची निदान १० टक्के विमानं आणि इंजिनंसुद्धा सरकारी कारखान्यात बनली पाहिजेत असं त्यात होतं, म्हणून मग राइट कंपनीच्या आर-७६० इंजिनाचे हक्क विकत घेऊन नेव्ही इंजिनंही स्वतःच बनवायला लागली. सुरुवातीची एन३एन मात्र साठ्यातल्या जुन्या राइट जे-५ इंजिनांवर उडायची, आणि नेव्हीने घेतलेल्या पहिल्या ६१ स्टीअरमनमध्येही तेच इंजिन होतं, मग गोंधळ होणार नाही तर काय.

पण माझ्या मते खरा फरक पाण्याचा. नेव्हीची स्टीअरमन चाकांवरची. एन३एन ऑगस्ट १९३५ मध्ये पहिल्यांदा उडालं ते मुळातच जमीन आणि पाणी दोन्हीसाठी, चाकं काढा आणि पोटाखाली एक मोठा फ्लोट, म्हणजे पाण्यावर तरंगणारा पोकळ तराफा लावा, पंखांच्या टोकांना दोन छोटे, की झालं सीप्लेन, पाण्यावरून उडणारं विमान. (फ्लाइंग बोट वेगळी, तिचं पोटच नावेसारखं पाण्यात बसतं.) मधे एकच फ्लोट ही रचना नेव्हीच्या ओळखीचीच, जहाजावरून कॅटापल्टने (विमान झटक्यात पुढे फेकणाऱ्या यंत्राने) उडणारं कर्टिस सीगलही असंच होतं. आणि पाण्यावर शिकणं म्हणजे सगळंच नव्याने, ब्रेक नाहीत, इंजिन चालू झालं की विमान सरकायलाच लागतं, पाणी फ्लोटला धरून ठेवतं म्हणून फ्लोटच्या तळाला एक पायरी असते आणि वेग वाढवत त्या पायरीवर आल्याशिवाय विमान सुटतच नाही. उतरताना पाणी आरशासारखं शांत असेल तर उलट जास्त अवघड, कारण आपण किती उंचीवर आहोत ते डोळ्यांना कळतच नाही.

फ्लोट असेल तर ओळखणं सोपं, पण एन३एन चाकांवर असेल तर? मी आधी चाकांचे पाय बघतो. स्टीअरमनचा प्रत्येक पाय म्हणजे एकच जाड खांब, आडव्यातिडव्या काड्या नाहीत, एन३एनच्या पायांना जास्तीच्या काड्या असतात. आतूनही फरक आहे, स्टीअरमनच्या पंखांचा सांगाडा लाकडी, एन३एनचा धातूचा, आणि एन३एनच्या अंगावरचे मोठे पॅनल काढून आतलं सगळं तपासता यायचं, मेकॅनिकसाठी ही फार मोठी सोय.

संख्येत स्टीअरमन कुठच्या कुठे पुढे, ८ हजारांच्या वर बनली, एन३एन ९९७ च, म्हणून आज नाव स्टीअरमनचंच जास्त ऐकू येतं. पण अमेरिकन सैन्यातलं शेवटचं बायप्लेन एन३एनच. अ‍ॅनापोलिसच्या नेव्हल अकॅडमीत कॅडेटना उडण्याची ओळख करून द्यायला ही विमानं १९६१ पर्यंत वापरात होती, म्हणजे जेटच्या जमान्यातल्या पोरांनी आकाश पहिल्यांदा बघितलं ते या दोन पंखांच्या उघड्या विमानात बसून.