बारा सामन्यांवरून किती कळते?

इलावारा हॉक्स हा ऑस्ट्रेलियाच्या राष्ट्रीय बास्केटबॉल लीगमधला वुलनगाँग शहराचा संघ. २०१९-२० च्या मोसमात लमेलो बॉल हा १८ वर्षांचा अमेरिकी खेळाडू या संघाकडून १२ सामने खेळला आणि पायाच्या दुखापतीमुळे त्याचा मोसम तिथेच संपला. प्रत्येक सामन्यात सरासरी १७ गुण, ७.६ रिबाउंड, म्हणजे हुकलेल्या फेकीनंतर ताब्यात घेतलेले चेंडू, आणि ६.८ असिस्ट, म्हणजे सहकाऱ्याला थेट गुण मिळवून देणारे पास, अशी त्याची नोंद होती. तीन गुणांच्या रेषेबाहेरून त्याने ८० वेळा बास्केटचा वेध घेतला आणि त्यांतले २० प्रयत्न यशस्वी ठरले. एनबीएच्या, म्हणजे उत्तर अमेरिकेतल्या सर्वोच्च बास्केटबॉल लीगच्या, संघांपुढे यानंतर जो प्रश्न उभा राहिला तो खेळाचा असला, तरी त्याचे स्वरूप संख्याशास्त्राचे आहे: दूरच्या देशातल्या, वेगळ्या नियमांच्या आणि वेगळ्या दर्जाच्या लीगमधल्या इतक्या थोड्या नोंदींवरून एखाद्या मुलाच्या पुढच्या दहा वर्षांबद्दल काय म्हणता येते?

असे खेळाडू परदेशी का जातात, हे आधी थोडक्यात पाहू. २००५ मध्ये एनबीए आणि खेळाडूंची संघटना यांच्यात झालेल्या करारानुसार अमेरिकी खेळाडूला शाळा संपल्यावर लगेच ड्राफ्टमध्ये, म्हणजे संघांनी नव्या खेळाडूंची क्रमाने निवड करण्याच्या वार्षिक कार्यक्रमात, येता येत नाही. ड्राफ्टच्या वर्षात त्याला १९ वर्षे पूर्ण व्हावी लागतात आणि त्याची शाळा संपून किमान एक मोसम उलटलेला असावा लागतो. मधले वर्ष बहुतेक जण महाविद्यालयीन संघात घालवतात. काहींनी मात्र पगार देणाऱ्या परदेशी संघांचा रस्ता धरला. २००८ मध्ये ब्रँडन जेनिंग्ज रोमला गेला, २०१४ मध्ये इमॅन्युएल मुडिए चीनला गेला, आणि २०१८ पासून ऑस्ट्रेलियाच्या लीगने अशा होतकरू खेळाडूंसाठी ‘नेक्स्ट स्टार्स’ नावाची योजनाच सुरू केली. बॉल त्याच योजनेतून तिथे खेळला.

मुडिएचे उदाहरण बॉलच्या शेजारी ठेवून पाहण्यासारखे आहे. तोही १८ व्या वर्षी परदेशी गेला, तोही उंच बांध्याचा आणि चेंडू स्वतःच्या हाती ठेवून संघाचा खेळ चालवणारा गार्ड होता, आणि ग्वांगडोंग सदर्न टायगर्सकडून तोही दुखापतीमुळे १२ सामनेच खेळू शकला. त्याची सरासरी होती १८ गुण, ६.३ रिबाउंड आणि ५.९ असिस्ट. या दोन ओळी नाव झाकून एकाखाली एक लिहिल्या, तर कोणती कोणाची हे सांगणे कठीण जाईल. २०१५ च्या ड्राफ्टमध्ये डेन्व्हर नगेट्सने मुडिएला सातव्या क्रमांकावर निवडले, पण बास्केटचा वेध घेण्यातली त्याची अडचण सुटली नाही आणि २०१८ मध्ये डेन्व्हरने त्याला न्यूयॉर्क निक्सकडे पाठवून दिले. बॉलला शार्लट हॉर्नेट्सने २०२० मध्ये तिसऱ्या क्रमांकावर निवडले. तो पहिल्याच वर्षी सर्वोत्तम नवोदित ठरला आणि २०२२ मध्ये ऑल-स्टार, म्हणजे लीगमधल्या निवडक खेळाडूंच्या, सामन्यासाठी निवडला गेला. मग फरक कुठे होता, आणि तो आधी दिसू शकत होता का?

पहिला मोह तीन गुणांच्या फेकींकडे पाहण्याचा होतो, आणि नेमका तिथेच हा आकडा दिशाभूल करतो. चीनमध्ये मुडिएचे यश सुमारे ३४ टक्के होते, ऑस्ट्रेलियात बॉलचे २५ टक्के. वरवर पाहता मुडिए बराच चांगला नेमबाज वाटतो. पण ८० फेकी म्हणजे किती थोडा पुरावा असतो, याचा हिशेब करून पाहू. समजा एखाद्या खेळाडूचे खरे कौशल्य ३३ टक्क्यांचे आहे, म्हणजे त्याला हजारो संधी दिल्या तर दर तीनांतली जवळजवळ एक आत जाईल. अशा खेळाडूला केवळ ८० संधी दिल्या, तर २० किंवा त्याहून कमी यशस्वी होण्याची शक्यता सुमारे आठ टक्के निघते. म्हणजे असे बारा खेळाडू असतील, तर त्यांतला एक केवळ योगायोगाने २५ टक्के किंवा त्याहूनही कमी यश घेऊन घरी येईल. उलट बाजूने पाहिले, तर ८० पैकी २० या नोंदीशी १५ टक्क्यांपासून ३५ टक्क्यांपर्यंतचे कोणतेही खरे कौशल्य सुसंगत आहे. ३५ टक्क्यांचा खेळाडू एनबीएत व्यवस्थित नेमबाज मानला जातो आणि १५ टक्क्यांच्या खेळाडूने त्या रेषेबाहेरून प्रयत्नही करू नये असे म्हणतात. दोन्ही शक्यता ज्या आकड्यात मावतात, त्या आकड्यावरून १८ वर्षांच्या मुलावर ‘याला नेम नाही’ असा शिक्का मारणे मला अन्यायकारक वाटते, आणि त्या काळात तो शिक्का सर्रास मारला जात होता.

असिस्टच्या आकड्याचे मात्र तसे नाही, आणि हा फरक या विषयाचा गाभा आहे. १२ सामन्यांत बॉलचे सुमारे ८२ असिस्ट झाले. अशा मोजणीतला योगायोगाचा चढउतार साधारणपणे त्या संख्येच्या वर्गमुळाइतका, म्हणजे इथे नऊ असतो. त्याच्या दुप्पट अंतर दोन्ही बाजूंना धरले तरी त्याची खरी पातळी सामन्याला ५.३ ते ८.३ यांच्या दरम्यान येते. ही मर्यादाही रुंदच आहे. पण बास्केटबॉलपटूंमध्ये असिस्टच्या बाबतीत असलेला मूळ फरकच फार मोठा असतो: कोणी सामन्याला एक असिस्ट करतो, कोणी दहा. त्यामुळे मोजमापात दीडाची चूक झाली तरी हा खेळाडू पास देणाऱ्यांच्या वरच्या वर्गातला आहे, हा निष्कर्ष टिकून राहतो. तीन गुणांच्या फेकींत मात्र नियमित प्रयत्न करणाऱ्या बहुतेक व्यावसायिकांचे खरे कौशल्य ३० ते ४० टक्क्यांच्या अरुंद पट्ट्यात असते आणि ८० फेकींमधला योगायोग त्या पट्ट्याहून मोठा असतो. एखादा आकडा किती लवकर विश्वासार्ह होतो, हे केवळ नोंदींच्या संख्येवर अवलंबून नसते. माणसामाणसांतला खरा फरक आणि मोजमापातला योगायोग यांच्या गुणोत्तरावर ते ठरते.

यावरचा संख्याशास्त्रीय उपाय तसा जुना आहे. खेळाडूची नोंद कोऱ्या पाटीवर वाचायची नाही. त्याच्यासारख्या खेळाडूंबद्दल आधीपासून जे ठाऊक आहे त्यात ती मिसळायची. समजा आपला पूर्वअंदाज ३३ टक्क्यांचा आहे आणि त्याला आपण २४० फेकींइतके वजन देतो. त्यात बॉलच्या ८० फेकी मिळवल्या की एकूण ३२० पैकी सुमारे ९९ यशस्वी, म्हणजे ३१ टक्के हा अंदाज मिळतो. मुडिएचे ३४ टक्के त्याच रीतीने ३३ च्या आसपास येतात. नऊ टक्क्यांचे अंतर आकसून दोनावर येते. वजनाचा आकडा मी इथे उदाहरणापुरता घेतला आहे. प्रत्यक्षात तो अनेक वर्षांच्या अनेक खेळाडूंच्या नोंदींवरून काढावा लागतो. पण तो १५० धरला किंवा ३०० धरला, तरी चित्राची दिशा बदलत नाही.

नेमबाजीचा अंदाज घेण्यासाठी दुसरी एक वाट आहे आणि ती फ्री थ्रोच्या रेषेवरून जाते. फ्री थ्रो म्हणजे प्रतिस्पर्ध्याच्या फाऊलबद्दल मिळणारी मोकळी फेक. ती घेताना समोर कोणी अडवणारा नसतो, अंतर सुमारे ४.६ मीटर, आणि जगातल्या कोणत्याही लीगमध्ये ते तेवढेच असते. म्हणून या आकड्यात प्रतिस्पर्ध्याचा दर्जा, सहकाऱ्यांचे कौशल्य, प्रशिक्षकाची पद्धत यांची भेसळ जवळजवळ नसते. उरतो तो मनगटाचा आणि लयीचा सराव. तरुण खेळाडूची लांबून नेम साधण्याची पुढची प्रगती ओळखण्यासाठी फ्री थ्रोचे प्रमाण त्याच्या तीन गुणांच्या प्रमाणाइतकेच, कित्येकदा अधिक उपयोगी पडते, हे ड्राफ्टचा अभ्यास करणाऱ्यांच्या सर्वसाधारण अनुभवाचे आहे. बॉलचे फ्री थ्रो सुमारे ७२ टक्के यशस्वी होते आणि मुडिएचे सुमारे ५७ टक्के. क्रम इथे उलटा लागतो. अर्थात बारा सामन्यांतले फ्री थ्रोसुद्धा थोडेच असतात आणि हा फरकही निर्णायक म्हणता येत नाही. पण दोन दुबळ्या पुराव्यांपैकी कमी भेसळीचा कोणता हे ठाऊक असणे महत्त्वाचे आहे. एनबीएतल्या पहिल्या वर्षी बॉलने तीन गुणांच्या रेषेबाहेरून ३५ टक्के आणि दुसऱ्या वर्षी ३९ टक्के यश मिळवले. मुडिए पहिल्या वर्षी ३२ टक्क्यांवर होता आणि फ्री थ्रोमध्ये ६७ वर. दोन खेळाडूंवरून नियम सिद्ध होत नाही, पण या बाबतीत नियम कसा चालतो ते या जोडीत स्वच्छ दिसते.

आता लीगच्या दर्जाचा प्रश्न. रणजी सामन्यातले शतक आणि कसोटीतले शतक एका तागडीत तोलू नये, हे आपल्याकडच्या क्रिकेटप्रेमींना सांगावे लागत नाही. बास्केटबॉलमध्ये तर लीगागणिक खेळाचे मापच बदलते. ऑस्ट्रेलियात सामना ४० मिनिटांचा, एनबीएत आणि चीनमध्ये ४८ मिनिटांचा. आंतरराष्ट्रीय नियमांनुसार तीन गुणांची रेषा ६.७५ मीटरवर असते. एनबीएत ती कोपरे सोडून ७.२४ मीटरवर आहे. एनबीएत बचाव करणाऱ्याला, तो कोणाला अडवत नसेल तर, बास्केटखालच्या रंगवलेल्या पट्ट्यात तीन सेकंदांहून अधिक थांबता येत नाही. आंतरराष्ट्रीय नियमांत असे बंधन नसल्यामुळे तिथे उंच खेळाडू बास्केटखाली ठाण मांडून बसतो आणि आत घुसणाऱ्या गार्डची वाट बंद होते. चीनमध्ये परदेशी खेळाडूंच्या संख्येवर आणि त्यांच्या खेळण्याच्या वेळेवर बंधने असल्याने प्रतिस्पर्धी गार्ड बहुतेक वेळा स्थानिक असत. म्हणून मुडिएचे १८ गुण आणि बॉलचे १७ गुण हे शेजारी लिहिता येणारे, पण एका मापाने न मोजता येणारे आकडे आहेत.

एका लीगचा आकडा दुसरीच्या मापात आणण्यासाठी विश्लेषक दोन्ही ठिकाणी खेळलेले खेळाडू शोधतात, त्यांच्या लागोपाठच्या मोसमांची तुलना करतात आणि त्यातून रूपांतराचा गुणक काढतात. कल्पना सरळ आहे, पण तिच्यात एक खोल अडचण दडलेली आहे. परदेशातून एनबीएत कोण येतो? ज्याचा मागचा मोसम उत्तम गेला तो. त्या उत्तम मोसमात काही भाग कौशल्याचा असतो आणि काही सुदैवाचा. नव्या लीगमध्ये सुदैवाचा भाग गळतो आणि ती घसरण आपण लीगच्या दर्जाच्या खात्यावर लिहितो. शिवाय सीमा ओलांडणारे बहुतेक जण २५ ते ३० या वयातले, म्हणजे पक्के झालेले खेळाडू असतात. त्यांच्यावरून काढलेला गुणक १८ वर्षांच्या मुलाला लावला, तर पुढच्या दोन वर्षांत त्याच्या शरीरात आणि समजुतीत होणारी वाढ हिशेबातून सुटते. प्रौढ व्यावसायिकांच्या लीगमध्ये १८ व्या वर्षी केवळ टिकून राहणे हीच मोठी माहिती असते.

जेनिंग्जच्या बाबतीत ही माहिती जवळजवळ वाया गेली असती. रोममध्ये तो अनुभवी खेळाडूंच्या मागे थोडी मिनिटे खेळला आणि इटलीच्या लीगमध्ये त्याची सरासरी सहा गुणांच्याही खाली राहिली. २००९ मध्ये मिलवॉकी बक्सने त्याला दहाव्या क्रमांकावर निवडले आणि त्याच वर्षी १४ नोव्हेंबरला गोल्डन स्टेट वॉरियर्सविरुद्ध त्याने ५५ गुण केले. रोमच्या आकड्यांवरून त्याला कमी लेखणे जसे घाईचे होते, तसेच त्या एका रात्रीवरून महान खेळाडू सापडला असे समजणेही घाईचेच होते. तो पुढे चांगला गार्ड झाला, ऑल-स्टार झाला नाही.

महाविद्यालयाची वाट धरली म्हणजे पुरावा भरपूर मिळतो, असेही नाही. बॉलच्याच ड्राफ्टमध्ये दुसऱ्या क्रमांकावर गेलेला जेम्स वाइजमन मेम्फिस विद्यापीठाकडून अवघे तीन सामने खेळला होता.

पूर्वअंदाजाला वजन द्यावे हे खरे, पण ते प्रमाणाबाहेर दिले तर उलटी चूक होते. लुका डॉन्चिच १६ व्या वर्षापासून रेआल माद्रिदच्या मुख्य संघात खेळत होता. २०१८ मध्ये, १९ व्या वर्षी, तो युरोलीगचा सर्वोत्तम खेळाडू ठरला. अमेरिकेबाहेरच्या क्लब बास्केटबॉलमध्ये याहून कठीण परीक्षा नाही. त्याच्याबद्दलचा पुरावा बारा सामन्यांचा नव्हता, अनेक मोसमांचा होता. तरीही फिनिक्स आणि सॅक्रामेंटोने त्याला सोडून दुसरे खेळाडू घेतले, आणि तिसऱ्या क्रमांकावर निवडणाऱ्या अटलांटाने त्याला ट्रे यंग आणि पुढच्या वर्षीच्या पहिल्या फेरीतल्या निवडीच्या मोबदल्यात डॅलसला देऊन टाकले. त्याचा वेग आणि उडी कमी पडेल अशी शंका होती, आणि २००३ मध्ये दुसऱ्या क्रमांकावर निवडून फसलेल्या सर्बियाच्या डार्को मिलिचिचसारख्या जुन्या निवडींची आठवणही लोकांच्या मनात होती. मिलिचिच मात्र युरोलीग जिंकून आलेला नव्हता. दोघांना ‘युरोपीय’ या एका खणात टाकणे म्हणजे पूर्वअंदाजासाठी चुकीचा गट निवडणे.

बॉलच्या बाबतीत एक गोष्ट १२ सामन्यांतून कळण्याची सोयच नव्हती, ती म्हणजे तो किती सामने खेळू शकेल. २०२२-२३ पासूनच्या तीन मोसमांत, प्रत्येकी ८२ सामन्यांपैकी, तो ३६, २२ आणि ४७ सामने खेळला. बरेचसे सामने त्याने घोट्याच्या दुखापतींत गमावले. वुलनगाँगमधली पायाची दुखापत ही त्याची पूर्वसूचना होती असे आता म्हणणे सोपे आहे, पण एका दुखापतीवरून पुढच्या दुखापतींचा अंदाज बांधणे हे ८० फेकींवरून नेम ठरवण्याहूनही कच्च्या पायावरचे काम आहे. संघांकडे वैद्यकीय तपासण्यांचे अहवाल असतात, हाडांची आणि सांध्यांची चित्रे असतात. तरीही खेळाडूच्या उपलब्धतेचे भाकीत हा आज ड्राफ्टच्या विश्लेषणातला सर्वांत मागे राहिलेला भाग आहे.