विद्यापीठांतील कृत्रिम बुद्धिमत्तेचा जबाबदार वापर

अध्यापन, मूल्यमापन आणि संशोधन या विद्यापीठाच्या मुख्य कामांत कृत्रिम बुद्धिमत्तेची साधने सामावून घेताना प्रत्येक निर्णयाचे व लेखनाचे उत्तरदायित्व निश्चित व्यक्तीकडे किंवा मंडळाकडे ठेवण्याची पद्धती. या संकल्पनेची सर्वमान्य व्याख्या झालेली नाही. यूनेस्को, यूरोपीय आयोग आणि विविध विद्यापीठसंघ यांच्या दस्तऐवजांत पारदर्शकता, न्याय्यता, खाजगीपणाचे रक्षण व मानवी देखरेख ही सूत्रे बहुधा एकत्र आढळतात. या सर्वांच्या मुळाशी उत्तरदायित्व आहे, असे मानणे अधिक सयुक्तिक ठरते. कारण इतर सूत्रे पाळली गेली की नाहीत, याचा जाब कोणाला तरी विचारता आला पाहिजे.

ऐतिहासिक पार्श्वभूमी : उच्च शिक्षणात कृत्रिम बुद्धिमत्तेचा प्रवेश नेमका केव्हा झाला, याविषयी मतभेद आहेत. काही लेखक तो इलिनॉय विद्यापीठात १९६० मध्ये डॉनल्ड बिट्झर यांनी सुरू केलेल्या ‘प्लेटो’ या संगणकीय अध्यापन प्रणालीपर्यंत मागे नेतात. तथापि तिच्या आरंभीच्या रूपात पाठांचा क्रम आणि प्रश्न पाठकर्त्याने आधीच लिहून ठेवलेले असत; विद्यार्थ्याचे उत्तर त्यांच्याशी ताडून पाहिले जाई. याउलट हाइमे कार्बोनेल यांनी सु. १९७० मध्ये मांडलेल्या ‘स्कॉलर’ या प्रणालीत दक्षिण अमेरिकेच्या भूगोलाची माहिती परस्परसंबंधांच्या जाळ्याच्या रूपात साठवलेली होती आणि प्रश्नोत्तरे त्या जाळ्यातून ऐनवेळी तयार होत. विद्यार्थीही प्रणालीला प्रश्न विचारू शकत असे. या भेदामुळे ‘स्कॉलर’लाच पहिले उदाहरण मानणारा पक्ष अधिक ग्राह्य वाटतो. संशोधनातील वापर त्याहून काहीसा जुना आहे : स्टॅनफर्ड विद्यापीठात १९६५ च्या सुमारास सुरू झालेला ‘डेंड्रल’ प्रकल्प वस्तुमान वर्णपटावरून सेंद्रिय रेणूंची संरचना अनुमानित करीत असे.

एका शिक्षकाकडे एकच विद्यार्थी असल्यास तो वर्गातील सरासरी विद्यार्थ्यापेक्षा सु. दोन प्रमाण विचलनांनी (प्रमाण विचलन म्हणजे गुण सरासरीभोवती किती विखुरलेले आहेत याचे माप) सरस ठरतो, असे बेंजामिन ब्लूम यांनी १९८४ मध्ये मांडले आणि संगणकीय शिक्षकाच्या कल्पनेला त्यातून मोठी चालना मिळाली. पुढील अभ्यासांत हा लाभ बराच कमी आढळला. कर्ट व्हॅनलेन यांच्या २०११ च्या आढाव्यानुसार मानवी शिक्षकाचा परिणाम सु. ०.७९ आणि संगणकीय शिक्षकाचा सु. ०.७६ प्रमाण विचलन इतका होता. जॉर्जिया टेक या संस्थेत २०१६ मध्ये ‘जिल वॉटसन’ नावाचा साहाय्यक विद्यार्थ्यांच्या नेहमीच्या शंकांना उत्तरे देऊ लागला. ३० नोव्हेंबर २०२२ रोजी चॅटजीपीटी खुले झाले, तेव्हा मात्र प्रश्नाचे स्वरूपच पालटले. तोवर साधन निवडणे संस्थेच्या हाती होते, ते आता विद्यार्थ्याच्या हाती गेले.

लेखन ओळखणारी साधने : अनेक विद्यापीठांची पहिली प्रतिक्रिया यंत्रलिखित मजकूर हुडकण्याची होती. अशी साधने मजकुरातील प्रत्येक पुढचा शब्द किती अपेक्षित होता, हे सांख्यिकी पद्धतीने मोजतात. भाषिक प्रारूप (चॅटजीपीटीसारख्या साधनामागील, मजकूर रचणारी संगणकीय प्रणाली) बहुधा अधिक संभाव्य शब्द निवडत असल्याने फार अपेक्षित वाटणारे लेखन यंत्राचे ठरवले जाते. या पद्धतीचा दोष तिच्या तत्त्वातच आहे : मर्यादित शब्दसंग्रहाने, साध्या वाक्यरचनेत, परक्या भाषेत लिहिणारा माणूसही अपेक्षित शब्दच वापरतो. स्टॅनफर्ड विद्यापीठातील संशोधकांनी २०२३ मध्ये इंग्रजी मातृभाषा नसलेल्या परीक्षार्थींचे ९१ निबंध सात साधनांना दिले असता, यंत्रलिखित ठरवल्या गेलेल्या निबंधांचे सरासरी प्रमाण ६१ टक्क्यांहून अधिक निघाले. त्याच निबंधांची शब्दयोजना चॅटजीपीटीकडून समृद्ध करून घेतल्यावर हे प्रमाण बरेच घटले. म्हणजे ज्याने यंत्राची मदत घेतली तो सुटतो आणि ज्याने स्वतः लिहिले तो अडकतो.

ओपनएआय या कंपनीने जानेवारी २०२३ मध्ये खुले केलेले असेच साधन तिच्याच चाचणीत यंत्रलिखित मजकुरांपैकी २६ टक्के ओळखू शकले, तर माणसांनी लिहिलेल्यांपैकी ९ टक्के चुकीने यंत्राचे ठरवले. कमी अचूकतेमुळे ते जुलैमध्ये मागे घेण्यात आले. व्हॅन्डरबिल्ट विद्यापीठाने ऑगस्ट २०२३ मध्ये टर्निटिन या वाङ्मयचौर्य तपासणाऱ्या प्रणालीतील यंत्रलेखन ओळखण्याची सुविधा बंद केली. त्या विद्यापीठाने २०२२ मध्ये ७५,००० लेखन तपासणीस दिले होते. चुकीचे प्रमाण एक टक्का धरले, तरी सु. ७५० लेखनांवर अकारण ठपका आला असता, असा त्याचा हिशेब होता.

प्रमाणाचा हा मुद्दा पुष्कळदा नजरेआड होतो. समजा, १,००० निबंधांपैकी २० यंत्राकडून लिहवून घेतलेले आहेत आणि साधन त्यांपैकी ८० टक्के ओळखते, तर निर्दोष निबंधांतील २ टक्क्यांवर चुकीने बोट ठेवते. मग १६ दोषी सापडतील आणि जवळजवळ २० निर्दोष विद्यार्थीही त्यांच्या पंक्तीला बसतील. वाङ्मयचौर्याच्या तपासणीत मूळ मजकूर शेजारी ठेवून आरोप सिद्ध करता येतो. येथे पुढे ठेवण्याजोगा मूळ मजकूरच नसतो, केवळ एक आकडा असतो. त्यामुळे केवळ अशा आकड्यावरून शिस्तभंगाची कारवाई करणे न्यायाला धरून नाही.

अध्यापन आणि मूल्यमापन : ओळखण्यापेक्षा मूल्यमापनाची रचना बदलणे हा मार्ग अधिक टिकाऊ दिसतो. सिडनी विद्यापीठाने दोन मार्गांची योजना स्वीकारली आहे : एका मार्गात देखरेखीखाली घेतलेल्या लेखी, तोंडी वा प्रात्यक्षिक परीक्षा असतात, तर दुसऱ्यात साधनांचा वापर गृहीत धरून त्याचा योग्य उपयोग शिकवला जातो. तोंडी परीक्षेत विद्यार्थ्याला त्याच्याच निबंधातील एखादा परिच्छेद काढून ‘हे विधान कशाच्या आधारे केले?’ एवढे विचारले, तरी त्याचे आकलन पुष्कळसे उघड होते. तथापि मोठ्या वर्गांत अशा परीक्षेला लागणारा अध्यापकांचा वेळ मंजूर न करता धोरण जाहीर केल्यास ते कागदावरच राहते. ब्रिटनमधील रसेल समूहाच्या २४ विद्यापीठांनी जुलै २०२३ मध्ये स्वीकारलेल्या तत्त्वांत विद्यार्थ्यांबरोबर अध्यापकांच्या साक्षरतेचाही समावेश आहे, हे या दृष्टीने महत्त्वाचे आहे.

अध्ययनावरील परिणामांविषयीचे पुरावे एकाच दिशेचे नाहीत. तुर्कस्तानातील माध्यमिक शाळेत सु. १,००० विद्यार्थ्यांवर झालेल्या प्रयोगात सरावाच्या वेळी गणिताची थेट उत्तरे देणारे साधन वापरणाऱ्यांची कामगिरी ४८ टक्क्यांनी सुधारली, पण साधन काढून घेऊन परीक्षा घेतल्यावर ते इतरांच्या १७ टक्के मागे पडले. उत्तराऐवजी इशारे देणाऱ्या साधनाने हा तोटा बहुतांशी टळला. हार्व्हर्ड विद्यापीठातील भौतिकीच्या अभ्यासक्रमात मात्र अध्यापकांनी काळजीपूर्वक बांधलेल्या संगणकीय शिक्षकाकडून विद्यार्थी वर्गातील सक्रिय अध्यापनापेक्षा अधिक शिकले. साधनाची घडण कोणी व कशासाठी केली, यावर परिणाम अवलंबून असतो, असे या दोहोंवरून दिसते.

संशोधन : यंत्राला शोधनिबंधाचा लेखक मानता येत नाही, याविषयी प्रकाशन-नीती समिती व वैद्यकीय नियतकालिकांच्या संपादकांची आंतरराष्ट्रीय समिती यांच्यात २०२३ पासून एकवाक्यता आहे, लेखकत्वाबरोबर येणारी जबाबदारी यंत्र घेऊ शकत नाही, हे त्याचे कारण. साधनाचा वापर मात्र नमूद करावा लागतो. भाषिक प्रारूपांनी रचलेले खोटे संदर्भ हा विशेष धोका आहे. अशा संदर्भात लेखकाचे नाव खरे असते, नियतकालिक खरे असते, वर्ष व खंडक्रमांकही जुळणारे वाटतात. पण त्या पृष्ठांवर तो निबंध नसतो. प्रत्येक संदर्भ मूळ ठिकाणी उघडून पाहणे, याला पर्याय नाही.

विश्लेषणातील दोष त्याहून सूक्ष्म असतात. प्रारूप घडवताना चाचणीसाठी राखलेली विदा (डेटा) नकळत त्यात मिसळली, तर निष्कर्ष प्रत्यक्षाहून सरस दिसतात. प्रिन्स्टन विद्यापीठातील सयश कपूर व अरविंद नारायणन यांच्या २०२३ मधील आढाव्यानुसार १७ विद्याशाखांतील किमान २९४ निबंधांना या विदागळतीची बाधा पोहोचली आहे. प्रथिनांच्या संरचनेचे भाकीत करणाऱ्या ‘अल्फाफोल्ड’चे यश (त्यासाठी त्याच्या निर्मात्यांना २०२४ च्या रसायनशास्त्राच्या नोबेल पारितोषिकात वाटा मिळाला) हे याच्या उलट उदाहरण आहे : त्याची परीक्षा ‘कॅस्प’ या संरचना-भाकितांच्या स्पर्धेत, तोवर अप्रकाशित असलेल्या संरचनांवर झाली. चाचणीची विदा प्रारूपाने आधी पाहिलेली नाही ना, हाच प्रबंधाच्या मार्गदर्शकाने विद्यार्थ्याला प्रथम विचारावयाचा प्रश्न होय.

अप्रकाशित हस्तलिखिते आणि अनुदानाचे प्रस्ताव बाहेरच्या साधनात टाकणे हा गोपनीयतेचा भंग ठरू शकतो. अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थांनी जून २०२३ मध्ये प्रस्तावांच्या परीक्षणात अशा साधनांचा वापर परीक्षकांना मना केला.

नियमन आणि प्रशासन : यूरोपीय संघाचा १ ऑगस्ट २०२४ पासून अंमलात आलेला कायदा प्रवेश, गुणदान व परीक्षेतील गैरप्रकारांवरील पाळत यांसाठीच्या प्रणालींना उच्च जोखमीच्या वर्गात ठेवतो. वैद्यकीय व सुरक्षेची कारणे वगळता शिक्षणसंस्थांत भावना ओळखणाऱ्या प्रणालींवर २ फेब्रुवारी २०२५ पासून बंदी आहे. साधन खरेदी करताना विद्यार्थ्यांचे लेखन पुरवठादाराकडे किती काळ राहील, त्यावर नवी प्रारूपे घडवली जातील काय आणि करार संपल्यावर ते पुसले जाईल काय, या तीन बाबी करारात लेखी असणे आवश्यक असते. सशुल्क व निःशुल्क साधनांच्या गुणवत्तेतील तफावत पाहता, ज्या अभ्यासक्रमात साधनाचा वापर अपेक्षित आहे तेथे ते सर्व विद्यार्थ्यांना संस्थेनेच उपलब्ध करून देणे इष्ट मानले जाते.