खुलासा: वाळू घालायला खाऱ्या पाण्याची माशांची टाकी रिकामी करावी लागत नाही

सांगलीत अजून सांगतात, ‘चालू टाकीत वाळू घातली की पाणी गढूळ होणारच, आधी टाकी रिकामी करा.’ हे खरं नाही. पाणी गढूळ करते ती वाळूतली पिठूळ भुकटी. वरून ओतली की ती टाकीभर पसरते. म्हणून अ‍ॅरागोनाइट (चुनखडीच्या जातीची) वाळू बादलीत निवळ पाणी येईपर्यंत धुवा, शेवटचं पाणी आरओचं. पंप बंद. दीड इंची पीव्हीसी पाइप तळाला टेकवून ओली वाळू कपाकपाने सोडा, पाइप सावकाश सरकवा. ६० बाय ३० सेंटीमीटर तळावर अडीच सेंटीमीटर थराला साधारण ७ किलो लागते. पाकीटबंद ओली ‘लाइव्ह’ (जिवंत जिवाणू असलेली) वाळू मात्र नळाखाली धुऊ नका, जिवाणू मरतात. कृष्णेची वाळू तर नकोच. चुंबक फिरवून बघा, काळे लोहकण चिकटतात.