वॉशिंग्टन : आडनावातलं गाव आणि आडनावातलं घराणं

वंशावळीचा तक्ता करून घ्यायला आमच्याकडे येणाऱ्या कुटुंबांत आता असं बरेचदा होतं, की मुलगी लंडनला दिलेली असते, नाहीतर सून अमेरिकेची आलेली असते. आपल्या बाजूच्या पिढ्या कुलवृत्तांतात मिळतात, व्याह्यांच्या बाजूला मात्र हातात एक इंग्रजी आडनाव असतं. "त्या आडनावावरून काढून द्या," असं आपण सांगता. आडनावावरून किती काढता येतं, हे काम देण्याआधीच आपल्याला कळावं म्हणून हे पत्रक. उदाहरणाला सगळ्यांच्या ओळखीचं आडनाव घेतलं आहे : वॉशिंग्टन.

इंग्रजांची पुष्कळ आडनावं आपल्या 'कर' लावलेल्या आडनावांसारखी गावावरून पडली. फरक इतकाच, की तिथे प्रत्यय गावाच्या नावातच असतो. 'टन' म्हणजे कुंपण घातलेली वस्ती, आपली वाडी. 'फर्ड' म्हणजे नदी पायी ओलांडायची जागा, उतार. 'ली' म्हणजे झाडी तोडून मोकळी केलेली जागा. वॉशिंग्टन ही वस्सा नावाच्या कुणा जुन्या माणसाची वाडी. हे गाव ईशान्य इंग्लंडमध्ये, जुन्या डरॅम परगण्यात आहे.

डरॅमचे बिशप ह्यू द प्यूझे यांनी ११८३ साली आपल्या जमिनींची पाहणी करवून घेतली. ती वही 'बोल्डन बुक' म्हणून ओळखली जाते. तिच्यातली वॉशिंग्टनची नोंद आम्हाला फार आवडते. विल्यम द हर्टबर्न याने हर्टबर्न गाव बिशपना परत दिलं आणि बदल्यात वॉशिंग्टन घेतलं, चर्च आणि चर्चची जमीन सोडून. खंड चार पौंड. शिवाय बिशपांची मोठी शिकार निघाली की चार शिकारी कुत्रे घेऊन हजर राहायचं.

नावाचं पुढे काय झालं ते पाहा. नेरूरकर नेरूर सोडून मुंबईला गेले तरी नेरूरकरच राहतात. विल्यमचं उलटं झालं. गाव बदललं तसं 'हर्टबर्नचा' विल्यम 'वेसिंग्टनचा' विल्यम झाला. त्या काळी आडनाव घट्ट झालेलंच नव्हतं. पुढच्या दोनेकशे वर्षांत ते हळूहळू बापाकडून मुलाकडे जाऊ लागलं आणि मधला 'द', म्हणजे आपला 'चा', गळून पडला. त्यामुळे ११८३च्या मागे आडनावाचा माग काढत गेलात तर वॉशिंग्टन सापडणारच नाहीत. तिथे हर्टबर्न शोधावे लागतात.

घराणं पुढे पांगलं. एक शाखा लँकेशरमधल्या वॉर्टनला गेली. त्या शाखेतले लॉरेन्स वॉशिंग्टन नॉर्थॅम्प्टनला लोकरीच्या व्यापारात पडले आणि तिथले मेयर झाले. इंग्लंडच्या आठव्या हेन्री राजाने मठ मोडून त्यांच्या जमिनी विकायला काढल्या, तेव्हा १५३९ साली त्यांनी सल्ग्रेव्हची जहागीर ३२४ पौंड, १४ शिलिंग, १० पेन्सला घेतली. तिथल्या घराच्या दाराच्या कमानीवर घराण्याचं चिन्ह कोरलेलं आहे : दोन आडवे पट्टे आणि वर तीन तारे. त्यांच्याच वंशातले जॉन वॉशिंग्टन १६५६-५७च्या सुमारास व्हर्जिनियाला पोचले. जॉनचे पणतू जॉर्ज १७३२ साली जन्मले, ते अमेरिकेचे पहिले राष्ट्राध्यक्ष. राजधानीचं नाव त्यांच्यावरून पडलं आणि घराण्याचे तारे-पट्टे १९३८ साली त्या शहराच्या झेंड्यावर गेले.

इथवरचा तक्ता सरळ आहे. पण अमेरिकेच्या २०००च्या जनगणनेत वॉशिंग्टन आडनावाची १,६३,०३६ माणसं होती आणि त्यांतली जवळजवळ ९० टक्के कृष्णवर्णीय. गुलामगिरीतून सुटलेल्या अनेक माणसांनी हे आडनाव स्वतः निवडलं. गुलामगिरीत जन्मलेले आणि पुढे कृष्णवर्णीयांचे मोठे शिक्षक-पुढारी झालेले बुकर टी. वॉशिंग्टन लहानपणी शाळेत गेले तेव्हा हजेरीत बाकीच्या मुलांना दोन-दोन नावं असल्याचं त्यांनी ऐकलं. आपली पाळी आली तेव्हा त्यांनी 'बुकर वॉशिंग्टन' सांगितलं. वॉशिंग्टन हे त्यांच्या सावत्र वडिलांचं पहिलं नाव होतं. या आडनावाच्या मागे डरॅमचं गाव शोधणं म्हणजे त्या मुलाने स्वतः घेतलेला निर्णय पुसून टाकणं. ते आम्ही करणार नाही. अशा कुटुंबांसाठी आम्ही १८७०च्या जनगणनेपासून सुरुवात करतो, कारण गुलामगिरीतून सुटलेल्यांची नावं राष्ट्रीय जनगणनेत तिच्यात प्रथम आली.

शिवाय ससेक्समध्येही वॉशिंग्टन नावाचं एक गाव आहे. तिथून बाहेर पडलेला माणूसही शेजाऱ्यांच्या तोंडी वॉशिंग्टनच होणार, त्याचं डरॅमच्या घराण्याशी काही नातं नसलं तरी.

म्हणून आम्ही नुसत्या आडनावावरून तक्ता करत नाही. घराण्याचं चिन्हही छापून देत नाही. इंग्लंडमध्ये असं चिन्ह व्यक्तीला आणि तिच्या वंशजांना मिळतं, आडनावाला मिळत नाही. बाजारात ते आडनावावर विकत मिळतं, पण दिवाणखान्यात लावायला दुसऱ्याच घराण्याचं चिन्ह आपल्या हातात देणं आम्हाला पटत नाही.

आम्ही आजच्या पिढीपासून एकेक कागद धरून मागे जातो. इंग्लंड आणि वेल्समध्ये जन्म, लग्न, मृत्यू यांची सरकारी नोंद १ जुलै १८३७ पासून आहे. त्याआधीचं चर्चच्या नोंदवह्यांत पाहावं लागतं. त्या ठेवायचा हुकूम १५३८ सालचा, पण सगळ्याच गावांच्या वह्या इतक्या जुन्या टिकलेल्या नाहीत.

येताना व्याह्यांकडून आजी-आजोबांच्या लग्नाच्या दाखल्याची प्रत मागवून आणा. त्यावर वधू-वरांच्या वडिलांचं नाव आणि व्यवसाय असतो, म्हणजे एका कागदात दोन पिढ्या लागतात. घरातलं जुनं बायबल असेल तर त्याची कोरी पानंही पाहायला सांगा. मुलांच्या जन्मतारखा पुष्कळ घरांत तिथेच लिहून ठेवलेल्या असतात. आडनावाची स्पेलिंगं वेगवेगळी दिसली तर स्वतः दुरुस्त करू नका, जशी असतील तशी उतरवून आणा.